नऊ व्होल्टांतून सत्तावीस

क्लॉन सेंटॉर नावाची एक सोनेरी डबी आहे. अमेरिकेतल्या बिल फिनेगन यांनी १९९४ साली ती विकायला सुरुवात केली. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये ही डबी जमिनीवर ठेवायची, पायाने दाबून चालू करायची, की तारांचा आवाज दाट आणि किंचित खरखरीत होतो, पण त्याचं मूळ रूप हरवत नाही. अशा डब्यांना गिटारवादक पेडल म्हणतात. कोणी नक्कल करू नये म्हणून फिनेगन यांनी आतलं सर्किट काळ्या इपॉक्सीच्या थराखाली बुजवून टाकलं होतं. पुढे काही चिकाटीच्या लोकांनी तो थर खरवडला, एकेक जोडणी तपासत सगळा नकाशा कागदावर उतरवला. त्या नकाशाच्या एका कोपऱ्यात वीजपुरवठ्याचा भाग आहे. बहुतेकांची नजर त्यावरून घसरते, कारण आवाज ‘घडतो’ तो दुसरीकडे. मला मात्र त्या कोपऱ्यापाशी थांबावंसं वाटतं.

डबीत बाहेरून येतात ९ व्होल्ट, चौकोनी बॅटरीतून किंवा अ‍ॅडॉप्टरमधून. सर्किटचा पहिला भाग याच ९ व्होल्टांवर चालतो. दुसऱ्या भागात मात्र चिपच्या एका पायाला अधिक १८ व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्याला उणे ९. दोन्हींतलं अंतर २७ व्होल्ट. डबीत दुसरी बॅटरी नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, तारेचं एक वेटोळंसुद्धा नाही. आहे ती आठ पायांची एक छोटी चिप, चार-दोन डायोड आणि काही कपॅसिटर. एवढ्या सामानात ९ चे २७ होतात, आणि एकाच डबीत शेजारी शेजारी असलेली दोन सर्किटं दोन वेगळ्या विद्युतदाबांवर गुण्यागोविंदाने नांदतात.

हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर आधी ९ हा आकडा कुठून आला ते पाहायला हवं. मल्टिमीटरमध्ये किंवा जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत दिसणारी ती चौकोनी बॅटरी उघडली, तर आत दीड व्होल्टाचे सहा छोटे सेल ओळीने जोडलेले सापडतात. सहा गुणिले दीड, नऊ. साठच्या दशकात पेडल बनवणाऱ्यांनी ही रेडिओची बॅटरी उचलली, पुढे जपानच्या बॉस कंपनीच्या पेडल जगभर पसरल्या, आणि ९ व्होल्ट, पिनच्या मध्यभागी ऋण, बाहेरून धन, अशी अ‍ॅडॉप्टरची रीत रुळली. ९ व्होल्टांमागे संगीताचं म्हणून काही कारण नाही. पण प्रत्येक सर्किटला ९ व्होल्ट मानवतात असंही नाही. कोणाला जास्त लागतात, कोणाला फार कमी, आणि कोणाला तेवढेच पण उलट्या दिशेने.

आता मुख्य गोष्ट. व्होल्ट हे कुठल्याही एका ठिकाणी नसतात. ते दोन ठिकाणांमधलं अंतर असतं. बॅटरीच्या धन टोकावर ९ व्होल्ट आहेत असं आपण म्हणतो, तेव्हा ऋण टोकाला आपण मनाशी शून्य ठरवलेलं असतं. त्याच बॅटरीचं धन टोक शून्य धरलं तर ऋण टोक उणे ९ होतं. बॅटरीत काहीही बदललेलं नसतं, आपण मोजायला सुरुवात कुठून केली तेवढंच बदललेलं असतं. शाळेत हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यात किती सामर्थ्य आहे हे मात्र पेडलच्या सर्किटमध्ये दिसतं.

गिटारची तार थरथरते तेव्हा तिच्याखालच्या चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यात, म्हणजे पिकअपमध्ये, बारीकसा विद्युतदाब तयार होतो. काही दशांश व्होल्ट. जोरात आघात केला तर एका व्होल्टाच्या आसपास. तार दोन्ही बाजूंना हलते, म्हणून हा दाबही शून्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे जातो. पण ९ व्होल्टांच्या सर्किटला शून्याच्या खाली जागाच नाही. त्याचा तळ शून्य, छत ९. म्हणून सर्किटात आल्याबरोबर सिग्नलला साडेचार व्होल्टांवर, तळ आणि छत यांच्या बरोबर मध्ये, नेऊन बसवतात. दोन सारखे रेझिस्टर एकापुढे एक जोडले की मधल्या सांध्यावर निम्मा दाब मिळतो. त्याला एका कपॅसिटरचा आधार दिला की झालं. गिटारच्या दृष्टीने ४.५ व्होल्ट हेच आता शून्य. वर साडेचार मोकळे, खाली साडेचार मोकळे.

सिग्नल वाढवत नेला, की कधी तरी तो छताला आणि तळाला आदळतो. लाटेचे माथे सपाट कापले जातात, आणि कानाला ती खरखर ऐकू येते. पेडलमध्ये कितीतरी वापरली गेलेली टीएल ०७२ ही चिप छताच्या आणि तळाच्या साधारण दीड-दीड व्होल्ट अलीकडेच थांबते, म्हणजे ९ व्होल्टांत सहाएक व्होल्टांचीच खरी मोकळी जागा उरते. ही खरखर हवी असते. रॉक संगीताचा मोठा हिस्सा तिच्यावरच उभा आहे. प्रश्न असतो तो ती कुठे यावी याचा. सेंटॉरमध्ये पहिल्या भागातला सिग्नल जर्मेनियम डायोडांच्या जोडीपाशी कापला जातो. ती जागा निवडलेली आहे, तिचा पोत निवडलेला आहे. मग दुसऱ्या भागात हा कापलेला सिग्नल आणि मूळचा स्वच्छ सिग्नल एकत्र मिसळतात. मिसळताना बेरीज होते, लाट उंच होते. इथे छत बुटकं असतं तर नको असलेली दुसरी खरखर त्यात घुसली असती. म्हणून दुसऱ्या भागाला भरपूर उंची हवी.

उंची वाढवायचीच होती, तर शून्य ते १८ का नाही? उणे ९ ते अधिक ९ का नाही? दोन्ही मार्ग सोपे होते. निवडलं मात्र उणे ९ ते अधिक १८. मध्य काढून पाहा. १८ आणि उणे ९ यांचा मध्य येतो साडेचार. शून्य आणि ९ यांचाही मध्य साडेचारच. वर साडेतेरा, खाली साडेतेरा, आणि मधला बिंदू जिथल्या तिथे. पहिल्या भागातून सिग्नल ज्या पातळीवर निघतो त्याच पातळीवर तो दुसऱ्या भागात पाऊल ठेवतो. त्याच्यासाठी एका क्षणी छत दूर जातं, तळ खोल जातो, आणि पायाखालची जमीन तसूभरही हलत नाही. दोन वेगळ्या दाबांची सर्किटं एकत्र नांदवताना मधला बिंदू एक ठेवणं, याहून सुबक उत्तर मला माहीत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ती साधी बेरीज-वजाबाकी पुन्हा पुन्हा करून पाहत राहिलो.

आता १८ येतात कुठून? दहीहंडी आठवा. एक गोविंदा जमिनीवर उभा आहे. तो सहकाऱ्याच्या खांद्यावर चढला की त्याचं डोकं खूप वर जातं, पण त्याची स्वतःची उंची तीळभर वाढलेली नसते. फक्त पाय कुठे टेकले आहेत ते बदललेलं असतं. कपॅसिटर हा तो गोविंदा. त्याचं एक टोक शून्यावर आणि दुसरं ९ व्होल्टांवर ठेवून तो भरून घ्यायचा. आता त्याच्या दोन टोकांत ९ व्होल्टांचं अंतर आहे, आणि पुरवठ्यापासून सोडवला तरी ते अंतर तो सांभाळून ठेवतो. मग त्याचं खालचं टोक शून्यावरून उचलून ९ व्होल्टांच्या तारेवर टेकवायचं. वरच्या टोकाला आता १८ शिवाय दुसरा पर्यायच नाही. ते १८ एका डायोडमधून दुसऱ्या, जागेवर स्थिर असलेल्या कपॅसिटरमध्ये ओतायचे. डायोड एकाच दिशेने वाट देतो, त्यामुळे ओतलेलं परत येत नाही. उणे ९ हवे असतील तर उलट करायचं: भरलेल्या कपॅसिटरचं वरचं टोक खेचून शून्यावर आणायचं. अंतर तर ९ चंच राहायला हवं, मग खालचं टोक कुठे जाईल? शून्याच्या ९ खाली.

ही उचल-ठेव हाताने करता येईल, पण तो स्थिर कपॅसिटर लगेच रिकामा होईल. म्हणून ती एका चिपकडे सोपवतात. इंटरसिल कंपनीची आयसीएल ७६६० ही यातली आद्य म्हणावी अशी. सेंटॉरमध्ये तिची बहीण मॅक्स १०४४ आहे. आत चार इलेक्ट्रॉनिक खटके असतात. दोन मिटले की कपॅसिटर भरतो, ते उघडून दुसरे दोन मिटले की तो रिता होतो. ७६६० मधलं घड्याळ सेकंदाला सुमारे १० हजार ठोके देतं आणि खटके त्याच्या निम्म्या वेगाने, सेकंदाला ५ हजार वेळा, भरा-ओता करत राहतात. याला चार्ज पंप म्हणतात, आणि पंप हे नाव त्याला शोभून दिसतं.

या पंपाचं गणितही देखणं आहे. समजा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा आहे आणि पलीकडचं सर्किट १० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह ओढतंय. प्रत्येक फेरीत थोडा थोडा भारच पोचवला जातो, त्यामुळे दाब किंचित घसरतो. घसरण काढायची तर प्रवाहाला वेग आणि क्षमता यांच्या गुणाकाराने भागायचं: उत्तर येतं ०.२ व्होल्ट. म्हणजे हा सगळा पंप बाहेरून पाहिला तर २० ओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो. आत कुठेही तो रेझिस्टर नसतो, तो नुसत्या ये-जा करण्यातून जन्माला येतो. वेग दुप्पट केला की निम्मा होतो. खऱ्या खटक्यांचा स्वतःचा थोडा अडथळा त्यात मिळवावा लागतो, डायोडही आपापला अर्धा-पाऊण व्होल्ट राखून घेतात, म्हणून १८ म्हणवणारे प्रत्यक्षात १७ च्या आसपास भरतात. सत्तावीस हा कागदावरचा आकडा. मीटर लावला तर तो थोडा खालीच सापडेल.

आणि फुकट काहीच मिळत नाही. टीएल ०७२ साधारण तीन मिलिअँपिअर प्रवाह घेते. २७ व्होल्टांवर तीन म्हणजे ९ व्होल्टांच्या बाजूने नऊ मिलिअँपिअर. शिवाय पंपाची स्वतःची मजुरी वेगळी. उंची तिप्पट केली तर प्रवाहही तिप्पट मोजावा लागतो. बॅटरी तेवढी लवकर संपते.

सीमाही आहेत, आणि त्या कडक आहेत. मॅक्स १०४४ ला १० व्होल्टांपर्यंतच चालवायचं असतं. टीएल ०७२ च्या दोन टोकांत ३६ व्होल्टांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. २७ हा आकडा या ३६ च्या आत आरामात बसतो. पण कोणी उत्साहाने अशा पेडलला १८ व्होल्टांचा अ‍ॅडॉप्टर लावला, तर पंपाने इमानेइतबारे ५४ व्होल्ट तयार करायला घेतले असते. त्याआधी तो स्वतःच जळून जातो. पेडलवर ‘फक्त ९ व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं त्यामागे अनेकदा हा आतला पंप असतो. अधिक ताण सोसणारे भाऊबंद आहेत. एलटी १०५४ पंधरा व्होल्टांपर्यंत चालते आणि शंभर मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते. स्वतः पेडल जुळवणाऱ्यांची ती लाडकी आहे.

कपॅसिटर एकावर एक चढवत दाब वाढवण्याची ही कल्पना गिटारपेक्षा कितीतरी मोठ्या कामाला आलेली आहे. स्वित्झर्लंडच्या हाइनरिख ग्राइनाखर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डायोड आणि कपॅसिटर यांचं दाब वाढवणारं सर्किट मांडलं. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी त्याच तत्त्वावर थरांवर थर रचत काही लाख व्होल्टांपर्यंत मजल मारली, त्या दाबाने प्रोटॉन वेगात सोडले, आणि एप्रिल १९३२ मध्ये लिथियमचा अणुगर्भ फोडला. कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी अणुगर्भ फोडल्याचा तो पहिला प्रसंग. १९५१ चं नोबेल त्यासाठीच. पुढे १९७६ साली जॉन डिक्सन यांनी हीच रचना चिपच्या आत बसवण्याजोगी केली. आज तुमच्या मोबाइलच्या फ्लॅश मेमरीत फोटो साठवला जातो तेव्हा लिहिण्यापुरता लागणारा उंच दाब तिथल्या तिथे असाच एक सूक्ष्म पंप पुरवतो. अणू फोडणारं यंत्र, खिशातली मेमरी आणि पायाखालची पेडल ही एकाच कल्पनेची लेकरं आहेत, हे मला अजूनही अपूर्वाईचं वाटतं.

वर चढायचं ते असं. खाली उतरायचं असेल तर?

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या १९६१ च्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन वाजवत असलेल्या बास गिटारचा आवाज मिक्सिंग टेबलातल्या बिघाडामुळे विचित्र गुरगुरत आला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज यांच्यासोबत तीच गुरगुर मुद्दाम काढणारं सर्किट रचलं, आणि १९६२ मध्ये ते मायस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरलं आणि जगाला फझ म्हणजे काय ते कळलं. या पहिल्या फझला लागायचे दीड व्होल्टाचे दोन सेल. तीन व्होल्ट, बस. पुढच्या आवृत्तीत तर एकच सेल. ट्रान्झिस्टरना इतक्या अरुंद जागेत कोंडल्यामुळेच तो करकरीत, तुटक आवाज निघतो. त्याच सर्किटला ९ व्होल्ट दिले तर सगळे ट्रान्झिस्टर आपली बसायची जागा सोडतात आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला तो आवाजच निघून जातो.

नऊचे तीन करायला दोन रेझिस्टरांची जोडी पुरेल असं वाटतं. पण सर्किट प्रवाह ओढू लागलं की त्या सांध्यावरचा दाब खाली येतो, आणि फझ वाजवताना हा प्रवाह सतत बदलत असतो. म्हणून रेग्युलेटर वापरतात. एलएम ३१७ हा तीन पायांचा तुकडा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याला एकच गोष्ट येते: आपल्या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्टांचं अंतर राखायचं. त्या दोन पायांमध्ये २४० ओहमचा रेझिस्टर लावला की त्यातून पाच मिलिअँपिअरच्या जरा वर प्रवाह वाहणारच. तोच प्रवाह पुढे ३३० ओहममधून ग्राउंडकडे जातो आणि तिथे १.७२ व्होल्ट उभे करतो. बेरीज २.९७. तीन व्होल्टांचा फझ खूश. उरलेल्या सहा व्होल्टांची उष्णता होते, आणि फझचा स्वतःचा प्रवाह इतका क्षुल्लक असतो की ती हाताला जाणवतही नाही. डिजिटल पेडलचं तसं नाही. शंभर मिलिअँपिअर खाणाऱ्या चिपसाठी १८ चे ५ करायचे तर १.३ वॉटची भट्टी त्या चिमुकल्या तुकड्यावर पेटते. तिथे फारशी उष्णता न करता दाब उतरवणारं खटकेवालं सर्किटच हवं.

पण त्या मूळ फझ-टोनचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, पीएनपी जातीचे आहेत. त्यांची सगळी मांडणी उलटी असते: धन टोक ग्राउंडला, ऋण टोक सर्किटला. तीच गोष्ट लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली काढलेल्या, माइकच्या स्टँडच्या बुडासारख्या गोल फझ फेसची. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली ती असायची. त्या काळी जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर बनवणं सोपं होतं, म्हणून तेच सर्वत्र मिळत. एकट्या पेडलला, स्वतःच्या बॅटरीवर, याने काहीही फरक पडत नाही. शून्य कुठल्या टोकाला मानायचं हा आपला प्रश्न, हे आपण पाहिलंच.

संकट येतं ते शेजारी आल्यावर. नेहमीच्या पेडलमध्ये पुरवठ्याचं ऋण टोक धातूच्या डबीला जोडलेलं असतं. फझ फेसमध्ये धन टोक. दोघींना एकाच अ‍ॅडॉप्टरच्या दोन फाट्यांवर लावलं आणि गिटारचा सिग्नल एकीतून दुसरीत नेणारी छोटी केबल खोचली, की त्या केबलची बाहेरची जाळी एका डबीला दुसऱ्या डबीशी जोडते. म्हणजे अ‍ॅडॉप्टरचं ऋण आणि धन एकमेकांना थेट भिडतात. शॉर्ट सर्किट! सिग्नल नेणाऱ्या निरुपद्रवी केबलमधून. वीज आणि संगीत यांच्या वाटा वेगळ्या आहेत असं आपण समजत असतो, पण परतीची वाट दोघांची एकच असते.

या एकाच वाटेचा उलटा, सुखद परिणामही आहे. बॉसच्या जुन्या पेडलना जो अ‍ॅडॉप्टर मिळायचा तो ९ व्होल्ट लिहिलेला असूनही प्रत्यक्षात बराच जास्त दाब द्यायचा. तो उतरवण्यासाठी पेडलच्या आत, ऋण बाजूच्या वाटेवर, एक रेझिस्टर आणि डायोड बसवलेला असे. पुढे नेमके ९ देणारे अ‍ॅडॉप्टर आले. त्यावर ही जुनी पेडल एकटी लावली की दिवा मिणमिणता लागतो, आवाज दबतो. दाब नको तितका उतरलेला असतो. पण त्याच अ‍ॅडॉप्टरवर एक नवी पेडल जोडा, दोघींमध्ये सिग्नलची केबल लावा, की जुनीचा दिवा लख्ख होतो. परतणाऱ्या प्रवाहाला त्या रेझिस्टरमधून जायची गरज उरत नाही. तो केबलच्या जाळीतून शेजारणीकडे जातो आणि तिच्या वाटेने अ‍ॅडॉप्टरकडे परततो.

फझ फेससाठी उत्तर काय? एक तर तिला तिची स्वतःची बॅटरी द्यायची. आजही पुष्कळ जण हेच करतात. दुसरं म्हणजे आपला ७६६० चा पंप. ९ व्होल्ट आत घ्यायचे, उणे ९ बाहेर काढायचे. आता डबीला जोडलेलं टोक सगळ्यांप्रमाणेच ग्राउंड आहे आणि ट्रान्झिस्टरना हवा तसा उणे दाबही मिळतो. मूळच्या तीन व्होल्टांच्या फझसाठी त्यापुढे एलएम ३३७ हा ३१७ चा ऋण बाजूचा जुळा जोडायचा: नऊचे आधी उणे नऊ, मग उणे तीन. एकाच डबीत एका बाजूला १८ व्होल्टांचं स्वच्छ सर्किट आणि दुसऱ्या बाजूला उणे तीनचा गुरगुरणारा फझ, दोन्ही एका ९ व्होल्टांच्या तारेवर. हे स्वतः जुळवून पाहणाऱ्याला जो आनंद होतो तो कुठल्याही विकतच्या वस्तूत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं उत्तर वेगळ्याच दिशेचं आहे: ट्रान्सफॉर्मर. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं की एका वेटोळ्यातला प्रवाह बदलला की शेजारच्या, त्याला कुठेही न जोडलेल्या, वेटोळ्यात वीज उमटते. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये एका मुख्य वेटोळ्याभोवती अनेक वेगळी वेटोळी गुंडाळलेली असतात. प्रत्येक वेटोळ्याची वीज स्वतंत्र, कुणाचंच शून्य दुसऱ्याच्या शून्याशी बांधलेलं नाही. मग एका जोडणीचं धन टोक ग्राउंडला लावा, दुसरीचं ऋण, भांडण नाही. ९ व्होल्टांच्या अशा दोन मोकळ्या जोडण्या एकापुढे एक लावल्या की १८ तयार. पंप नको, खटके नकोत.

पण भिंतीतल्या विजेची स्वतःची एक गुणगुण असते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनं करते. डायोडांच्या पुलावरून गेल्यावर तिची १०० हर्ट्झची लहर उरते. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवलं की ९८ हर्ट्झचा जी स्वर वाजतो. म्हणजे भारतात किंवा युरोपात नीट न गाळलेल्या पुरवठ्याची घरघर जवळजवळ जी स्वरात असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे घरघर १२०, ए शार्प आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी लटकलेली. फझ पेडल सिग्नल शेकडो पट वाढवते, त्यामुळे या घरघरीचा एक मिलिव्होल्टही लपत नाही. तिच्यावर उतारा म्हणजे प्रत्येक सर्किटच्या दारात १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ही जोडी १६ हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं हळूहळू दाबत नेते. एका पुरवठ्यावरच्या दोन सर्किटांनी एकमेकांचं काही ऐकू नये यासाठीही हीच जोडी कामी येते. नाहीतर एकाने जोरात प्रवाह ओढला की दुसऱ्याच्या दाबात त्याची सावली पडते, आणि दोन्ही मिळून होडीच्या इंजिनासारखे धकधक करू लागतात.

पंपाचा आवाज याहून लबाड असतो. ७६६० चं १० हजारांचं घड्याळ माणसाच्या श्रवणकक्षेच्या आत आहे. नीट मांडणी नसेल तर पेडलमधून डासासारखी बारीक शीळ येते. म्हणून मॅक्स १०४४ आणि तिच्या जातीच्या चिपना पहिला पाय दिलेला असतो: तो पुरवठ्याला जोडला की घड्याळाचा वेग सुमारे सहापट होतो आणि शीळ कानाच्या पलीकडे जाते.

एकच पंप असेल तर. आता अशा दोन पेडल एकाच अ‍ॅडॉप्टरवर आणा. दोन्हींतली घड्याळं सारखीच, पण कुठल्याही दोन चिप तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. एकीचं घड्याळ ४५ हजारांवर, दुसरीचं ४६ हजारांवर. दोन्ही ऐकू न येणारी. दोन्हींचे बारीक ठोके पुरवठ्याच्या त्याच तारेवरून वाहत एका फझपाशी पोचतात, आणि फझचं कामच मुळी लाटा वेड्यावाकड्या वाकवण्याचं. लाटा वाकल्या की त्यांच्यातला फरक सुटा होऊन बाहेर पडतो: ४६ वजा ४५, म्हणजे १ हजार हर्ट्झ. दोन नि:शब्द गोष्टींमधून एक स्पष्ट सूर. चिप तापू लागली की घड्याळाचा वेग सरकतो, आणि तो सूरही हळूच वर किंवा खाली सरकतो. असा गूढ सूर ऐकू आला की एक पेडल काढून पाहायची. तो थांबला तर दोघींना वेगळ्या वेटोळ्यांवर न्यायचं, किंवा दोन्हींच्या दारात ते १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड बसवायचे.